वीतभर घोंगडं

आमच्या मालकांकडं कुणी पाव्हणं आलं, की ते आधी फरशी दाखवतात, मग कुत्रं. मी आत भाकरी थापत दात खाते.

मी रत्नम्मा. भवानी पेठेत चनमल्लप्पा चादरीवाले, त्यांच्याकडं स्वयंपाकाला आणि वरकामाला हाय. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी नवं घर बांधलं. लोक घोटभर पाण्याला महाग, अन् हितं मोझॅकच्या फरशीवर घागरीनं पाणी ओतून पॉलिश चाललेलं!

राखणीला ज्ञानबा धनगर आला, सांगोल्याकडचा. चाऱ्यावाचून मेंढरं गेली. उरलं काय, तर अंगावरचं घोंगडं, लोकर कापायची कातर आणि भुऱ्या कुत्रा. दोघं पायरीवर पडून असायचे. भाकरी दिली की हा बाबा अर्धी आधी भुऱ्याला घालायचा.

पेठेत एक चोरी झाली आणि मालकांनी फर्मान काढलं, कुत्रं आत सोप्यात झोपलं पाहिजे. भुऱ्या फरशीवर पाय ठेवेना. मालकांनी साखळीनं ओढलं, तर चार पाय चार दिशांना. नख्या खरडत पोटावर पडला आणि भेदरून तितंच मुतला. वरनं मालकांनी त्याला लाथ घातली. "आठ दिवसांत आत आलं न्हाय, तर दोघंबी चालते व्हा."

माझी जीभ वळवळली. "ज्ञानबा, सवय लावा की त्याला. शिकंल हळूहळू."

त्यानं भुऱ्याचा पंजा मांडीवर घेतला. "अक्का, रानात हिंडून नख्या झिजायच्या. हितं बसून वाढल्यात. बोटांत केसबी लई झालंत."

केस कातरीनं कापले, नख्या कानशीनं घासल्या. मग उंबऱ्यापासून आत घोंगडं अंथरलं. भुऱ्या वास घेत त्याच्यावरनं आला आणि थरथरत बसला. पण घोंगड्याबाहेर एक पाय टाकेना. तिसऱ्या दिवशी ज्ञानबानं त्याच कातरीनं घोंगड्याचे तुकडे केले.

"अय्यो शिवा! थंडीत अंगावर काय घेणार तुमी?"

"माझ्याच मेंढरांची लोकर हाय, अक्का. त्यांच्यामागं ह्यो एकच राहिलाय मला."

दोन तुकड्यांत आधी वीतभर फरशी सोडली, मग हातभर. पाय घसरला की भुऱ्या मागं पळायचा, आणि ज्ञानबा गुडघ्यावर बसून "ये लेका, ये" करत राहायचा. रोज एक तुकडा कमी. सातव्या दिवशी कुत्रं सगळा सोपा ओलांडून देवघराच्या दारापर्यंत गेलं. मला तर रडूच फुटलं. गुळाचा खडा दिला मी त्याला.

दुसऱ्या दिवशी मालक ज्ञानबाला म्हणाले, "कुत्रं राहू दे. आता तुझं काय काम हितं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझंबी पोट त्याच घरात, तोंडाला कुलूप लावलं. थू माझ्या जिण्यावर!

ज्ञानबा बार्शीकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाला. मालक आंघोळीला गेल्यावर मी म्हटलं, "न्या की भुऱ्याला. मी सांगते पळाला म्हणून."

"तितं कामावर मूठभर सुकडी वाटत्यात, त्यात माझंच पोट भागायचं न्हाय. हितं भाकरी तरी मिळंल त्याला."

शेवटचा वीतभर तुकडा त्यानं सोप्यात मधोमध ठेवला. म्हणाला, "रानात घोंगडं टाकून मी पाण्याला गेलो, की येस्तवर ह्यो तितनं हलत न्हाय." मग भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून "बस" म्हणाला. भुऱ्या बसला. ज्ञानबा नुसत्या सदऱ्यावर पायऱ्या उतरून गेला, मागं वळून बघितलंसुदीक न्हाय.

आज तिसरं वरीस. तो आला न्हाय. कुठल्या रस्त्यावर हाय, हाय का न्हाय, कोण सांगणार? भुऱ्या खायला, हागामुतायला उठतो आणि परत त्या तुकड्याशी येऊन बसतो. तुकड्याला हात लावला, तर माझ्यावरबी गुरगुरतो. मी भोवतीनं फरशी पुसते.

आणि मालक पाव्हण्यांना कौतुकानं सांगतात, "बघा, कसं घर राखतंय!"

घर कुठलं? ज्ञानबाचं घोंगडं राखतंय ते.