जेवल्यावरची गोळी

मेहकरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा मायनं खिडकीतून भाकरी-ठेच्याची पुरचुंडी आत सरकवली. "जेवत जाय बाई येळेवर," एवढंच म्हणाली. मला फार्मसी कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती आणि जानेफळातून सुटल्याचा आनंद काही केल्या चेहऱ्यावर लपत नव्हता. तिला तो दिसला असणारच.

पेशंटशी कसं बोलायचं, हा माझा विषय. गोळी कधी, कशी, कशासाठी, हे समजावून सांगणं. स्टाफरूममध्ये कुणी हसू नये म्हणून वऱ्हाडी मी पहिल्याच वर्षी गिळून टाकली. मायला बीपी निघालं तेव्हा तिलाही वर्गातल्यासारखंच फोनवर सांगितलं, "रोज सकाळी जेवल्यावर एक गोळी. समजलं ना?"

"हाव."

पुढे दर फोनला विचारायचे. उत्तर ठरलेलं, "हाव, तू सांगतलं तशीच घेतो."

तिला लकवा मारला तो गुरुवार होता. मी पोचेपर्यंत ती गेली होती. तेरावं झाल्यावर फळीवरचा डबा उघडला, तर गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं शिल्लक. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सोमवार, गुरुवार, शनिवार तिचे उपास. मी म्हनो गोळी घे, तं म्हने, साबुदान्याची उसळ खाल्ली तो फराळ झाला, जेवन कुठी झालं? पोरीनं जेवल्यावर सांगतली."

ती गोळी उपाशीपोटीही चालली असती. जेवणाचं मीच जोडलं, तिच्या लक्षात राहावं म्हणून. आणि तिचे उपास मला लहानपणापासून पाठ होते. तिच्या ताटातली साबुदाण्याची उसळ खाऊनच मी वाढले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता वर्गात सरावाला पोरं औषध समजावतात आणि त्यांची पेशंट मी बनते. मायच्याच बोलीत, प्रत्येक सूचनेला "हाव". पोरं हसतात, हसू देते. परवा एका मुलीनं कागद बाजूला ठेवून विचारलं, "मावशी, तुमचे उपास असतात का?" मी "हाव" म्हणाले आणि मायचे तिन्ही वार सांगितले.

माझ्यासारखं गावातून निघालेल्यांनो, "समजलं ना?" विचारून फोन ठेवू नका. आपल्या माणसांचे वार आपल्याला माहीत असतात.

जानेफळच्या घराला कुलूप आहे. घर म्हणून माझ्याकडे आता सोमवार, गुरुवार, शनिवार उरलेत. त्या दिवशी कितीही काम असलं तरी मी वेळेवर जेवते. तिनं सांगितलं तसंच.