टॅक्सी स्टँडवरचा जपानी

टॅक्सी स्टँडवर माझ्या काकांना सगळे 'जपानी' म्हणायचे. काका म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. जपान सोडाच, स्वतःच्या जिल्ह्याबाहेर ते आयुष्यात चार-पाच वेळा गेले असतील. पण त्यांच्या पांढऱ्या टोयोटा कोरोलात बसून कुणी नुसतं "गाडी छान ठेवलीये हो" म्हटलं, की झालं. काका आरशातून त्या माणसाकडे बघायचे आणि सुरू व्हायचे. "साहेब, ही कंपनी आधी गाड्या बनवतच नव्हती. माग बनवायची. कापड विणायचे माग!" प्रवाशाला स्टेशन गाठायचं असो की दवाखाना, माग ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

हे मागाचं प्रकरण त्यांना मुळात कुणी सांगितलं, ते मात्र ते प्रवाशांना सांगत नसत. सांगितलं होतं मावशीनं, आणि त्यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं होतं.

मावशी तेव्हा तेवीस वर्षांची, कापड गिरणीत मागावर कामाला. काका दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. एके दुपारी पाळी सुटताना मावशीची मैत्रीण गेटपाशी चक्कर येऊन पडली. मावशीनं समोरची टॅक्सी हाक मारून बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. तासाभरानं बाहेर येऊन बघते, तर टॅक्सीवाला अजून तिथंच उभा.

"कशा आहेत त्या?" त्यानं विचारलं.

"बऱ्या आहेत. सलाईन लावलंय." एवढं बोलून मावशी वळणार, तेवढ्यात तिचं लक्ष गाडीच्या मागच्या 'टोयोटा' या नावाकडे गेलं. "अय्या! हे नाव आमच्या मागावर आहे."

"गाडीचं नाव मागावर कशाला असेल?"

"कशाला म्हणजे? रोज आठ तास माझ्या डोळ्यांसमोर असतं. बिडात ओतलेलं, हे एवढं ठळक. फक्त तुमच्या गाडीवर स्पेलिंग चुकलंय. टी नाही, डी पाहिजे तिथं."

काकांना हसू आवरेना. "जगभर गाड्या विकतात आणि स्वतःचं नाव लिहिता येत नाही होय त्यांना?"

"नसेल येत. त्याला मी काय करू?" असं म्हणून मावशी तरातरा चालायला लागली.

काकांच्या डोक्यातून तो डी काही जाईना. सुट्टीच्या दिवशी ते वाचनालयात जाऊन बसायला लागले. शाळा त्यांनी लवकर सोडली होती, इंग्रजी यथातथाच. पण तिथल्या ग्रंथपाल बाईंना त्यांची दया आली. बाईंनी यंत्रांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक शोधून दिलं आणि हवी ती पानं बसून समजावूनही सांगितली. तीन आठवड्यांनी काका गिरणीच्या गेटवर हजर.

"तुमचं बरोबर होतं," ते मावशीला म्हणाले. "आणि माझंही बरोबर होतं."

"असं कसं?"

"डीवालं हे घराण्याचं आडनाव. टोयोडा. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं असा माग काढला की धागा तुटला की..."

"की तो आपला आपण थांबतो. ते मला काय सांगता? मीच चालवते तो."

"ऐका तर. त्या मागाचे हक्क त्यांनी एका इंग्रज कंपनीला विकले. त्याच्या मुलानं पुढे गाड्या काढल्या. गाडीला नाव देताना डीचा टी केला. का, तर जपानी अक्षरांत टीवालं नाव आठ रेघांत लिहून होतं. आठ आकडा त्यांच्याकडे शुभ मानतात."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "एवढं शोधायला तीन आठवडे घातलेत?"

"मग काय, मनात ठेवून कुढत बसू?"

"आणि मी बरोबर होते हे सांगायला इथवर आलात?"

"हो."

वर्षभरात लग्न झालं. मावशी आम्हाला सांगायची, "पुरुषमाणूस स्वतःहून चूक कबूल करायला येतो म्हटल्यावर मी म्हटलं, असा नग परत मिळायचा नाही."

लग्नानंतर काही वर्षांनी काकांनी स्वतःची कोरोला घेतली. जुनीच होती, पण त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पहाटे ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या. इंजिन सुरू करून दोन मिनिटं डोळे मिटून ऐकत उभं राहायचं. "हिची ख्याती काय आहे माहितीये?" ते मला म्हणायचे. "ही दिसायला काही अप्सरा नाही. पळायलाही हरीण नाही. पण सकाळी किल्ली फिरवली की ही 'हो' म्हणते. जगात सगळ्यात जास्त खपलेली गाडी आहे ही. लोक काय वेडे आहेत?" आणि कुणी फारच कौतुक करायला लागलं, तर स्वतःच ब्रेक लावायचे. "पहिल्यांदा अमेरिकेत गेले ना हे कंपनीवाले, तेव्हा फजितीच झाली होती. तिथल्या लांबच लांब रस्त्यांवर यांची गाडी धापा टाकायला लागली. गपचूप परत आले. चुका शोधल्या, सुधारल्या, मग पुन्हा गेले. लाज धरून बसले असते तर?"

दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी चारचौघांत मांडलं नाही. मी मात्र त्यांच्याकडेच जास्त असायची, कॉलेज जवळ पडतं या निमित्तानं. मावशी चाळिशीत असताना गिरणी बंद पडली. आठवडाभर ती घरात नुसती बसून होती. कानांत सारखा मागांचा आवाज येतो म्हणायची. आठव्या दिवशी तिनं शिलाई मशीन काढलं आणि काकांच्या गाडीला सीट कव्हरं शिवली. ती बघून स्टँडवरचे दहा जण रांगेत उभे राहिले. त्यानंतर घरात सगळीकडे रेक्झिन, फोम आणि खडूच्या खुणा. मी त्या ढिगातच अभ्यास करायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना कोरोलाच्या डाव्या अंगावर चरे उठायला लागले. एकदा डावा आरसा तुटला. "कुणीतरी घासून गेला," काका म्हणाले. महिन्याभरानं पुन्हा आरसा तुटला. "आजकाल लोकांना गाड्या चालवताच येत नाहीत." त्या रात्री जेवताना मावशीनं काकांच्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला आणि ते काय करतात हे बघत बसली. काकांनी पेला सगळीकडे शोधला.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिघं फोम आणायला निघालो होतो. मावशी पुढे काकांच्या शेजारी, मी मागे. भर सकाळ, लख्ख उजेड. चौकात डावीकडून एक बाई दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. मला ती दिसली, मावशीला दिसली. काका सरळ समोर बघत, काही गुणगुणत, गाडी तशीच पुढे नेत होते.

"अहो!" मावशी ओरडली आणि तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी किंचाळत थांबली. बाई दचकून मागे झाली, तिच्या हातातली पिशवी रस्त्यावर फुटली. लागलं कुणालाच नव्हतं. तिनं आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्या तिच्या हक्काच्याच होत्या.

काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "मला दिसली नाही गं," ते म्हणाले. "डावीकडचं... बरेच दिवस झाले, डावीकडचं नसतंच."

"मला माहितीये."

"बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. तीच चूक झाली माझी." मावशी त्यांच्याकडे वळून बसली. "सगळ्या जगाला सांगत फिरता ना, की त्यांच्या कारखान्यात साधा कामगारसुद्धा दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो, आणि त्याला कुणी रागावत नाही? मग स्वतःच्या बाबतीत एवढं का जड गेलं?"

"मग मी उरतो काय?" काका म्हणाले. "गाडी गेली की मी कोण?"

मावशीनं त्यांचा हात स्टिअरिंगवरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी खाली उतरून त्यांना बाजूनं जायला खुणा करत राहिले, कारण आत बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधांनी जपता येईल. काकांनी लायसन्स कपाटात ठेवून दिलं आणि गाडी विकायला काढली. एक गिऱ्हाईक आलं. बॉनेट उघडून, वाकून, इंजिन ऐकून तो म्हणाला, "या गाड्या म्हणजे मरणच नाही यांना." काका मान वळवून भिंतीकडे बघत होते. मावशीनं त्या माणसाला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही उगाच आलात बघा. गाडी विकायची नाहीये."

तो गेल्यावर काका चिडले. "मग काय तिची पूजा बांधायची?"

"चालवायची."

"कोण चालवणार?"

"मी."

मावशी एक्कावन्न वर्षांची होती. आयुष्यात तिनं सायकलसुद्धा चालवली नव्हती.

बंद गिरणीच्या मोकळ्या पटांगणात शिकवणी सुरू झाली. रीतसर वर्गाला ती जायचीच, पण खरी शिकवणी काकांची. ते शेजारी बसायचे, मी मागे जीव मुठीत धरून. पहिल्या दिवशी गाडी एकवीस वेळा बंद पडली. मी मोजलं होतं.

"क्लच हळू सोड गं, हळू!"

"सोडतेय ना!"

"हे सोडणं नाही, टाकणं झालं! आवाज ऐक तिचा. ती सांगते तुला कधी सोडायचा."

"तुम्ही आधी गप्प बसा, म्हणजे तिचं ऐकू येईल."

काका गप्प बसले. मावशीनं डोळे बारीक केले, मान जराशी कलती केली. तीस-बत्तीस मागांच्या गदारोळातून आपल्या एका मागाची कुरकूर ओळखणारे कान होते ते. बाविसाव्या वेळी कोरोला लोण्यासारखी पुढे सरकली. काकांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. ते हसताहेत की रडताहेत, ते मला मागून कळलं नाही.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, गाडी उलटी घेताना खांबाला टेकली म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. पुढे टॅक्सीचा परवाना मिळवायला वर्ष गेलं. ती पहिल्यांदा स्टँडवर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुणी नाकं मुरडतील अशी मला धास्ती होती. पण अर्ध्या गाड्यांत तिनंच शिवलेली कव्हरं होती. कोण काय बोलणार?

काका सुरुवातीला घरात कोमेजून बसायचे. मग एक दिवस स्टँडमागचा मेकॅनिक घरी आला. "काका, एका गाडीचा आवाज सापडत नाहीये. जरा येऊन ऐकता?" काका गेले, बॉनेटपाशी मिनिटभर उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिनाला काही झालं नाहीये. पुढच्या चाकाचं बेअरिंग बघ." तेच निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. आठवड्याभरात मेकॅनिकनं त्यांच्यासाठी गॅरेजच्या दाराशी हाताची खुर्ची टाकली. अजूनही ते रोज तिथं बसतात. नवे पोरगे मशीन लावून दोष शोधतात आणि मग हळूच येऊन काकांकडून खात्री करून घेतात. मागाची गोष्ट आता गिऱ्हाइकांना फुकट मिळते.

संध्याकाळी सहाला मावशी त्यांना न्यायला यायची. कोरोला कोपऱ्यावर वळायच्या आत काका खुर्चीतून उठायचे. मेकॅनिक गंमत म्हणून कधी विचारायचा, "कशावरून तीच?" काका म्हणायचे, "बायकोची पावलं ओळखायला काय लागतं?"

असं अकरा वर्षं चाललं. मग जुन्या टॅक्सींवर वयाची मर्यादा आली आणि कोरोलाला रजा द्यावी लागली. काकांची नजर तोवर उजेड आणि सावली एवढ्यावर आली होती. त्या दिवशी त्यांनी तिच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि "चल," एवढंच म्हणाले. ते तिला म्हणाले की मावशीला, मला ठाऊक नाही.

मावशीनं बदल्यात त्याच कंपनीची वापरलेली हायब्रिड घेतली, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. पहिल्या संध्याकाळी मीही तिच्यासोबत गॅरेजवर गेले. गाडी विजेवर सरकत अगदी काकांच्या पायांपाशी जाऊन थांबली. काका खुर्चीतच. मान रस्त्याकडे, कान टवकारलेले, चेहऱ्यावर काळजी. सहा वाजून गेले होते.

मावशी काच खाली करून म्हणाली, "आले की मी."

काका दचकून उठले. हात पुढे करत त्यांना दार सापडलं. "अगं, हिला आवाजच नाही!" ते हिरमुसून म्हणाले. "मला कसं कळायचं तू आलीस ते?"

"मी आहे ना बोलायला. माझा आवाज कधी बंद पडलाय का?"

मेकॅनिक हसला, काकाही हसले. ते आत बसले, पट्टा चाचपून लावला आणि सीटवरून हात फिरवत म्हणाले, "बसायला मात्र ऐसपैस आहे."

"कव्हरं मी शिवलीत," मावशी म्हणाली आणि तिनं गाडी काढली. चौकापर्यंत पोचायच्या आत काका तिला सांगत होते की असली दोन जिवांची गाडी मोठ्या संख्येनं रस्त्यावर आणली तीसुद्धा यांनीच, आणि मावशी, जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशी, "हो का?" म्हणत होती.