फोटोत माणूस नको
गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याला आगगाड्यांचं भारी वेड. दर सुट्टीला तो लोकलने शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचा आणि वाटेत प्रत्येक फलाटावर उतरून गाड्यांचे फोटो काढायचा. बायको डबा घेऊन सोबत असायचीच. फोटोत माणूस आलं की याचं डोकं फिरायचं. "अगं, बाजूला हो!" असं तो एकतीस वर्षं तिच्यावर खेकसला, आणि ती बिचारी हसत बाजूला होत राहिली.

ती गेल्यावर मुलीने भिंतीवर लावायला आईचा फोटो मागितला. त्याने सगळी कपाटं पालथी घातली. नुसत्या गाड्या निघाल्या. फलाटावर चिटपाखरू नाही. शेवटी त्यातला एक फोटो त्याने टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडेबाहेर, रिकाम्या लाकडावर बोट टेकवलं.

"इथे उभी होती बघ," तो म्हणाला.