ज्याची भाषा, त्याचा फोन

तीन माणसं आणि तीन भाषा एका खोलीत कोंडल्या की किस्से जमवावे लागत नाहीत, रोज झाडून काढावे लागतात! जालन्यात आमचं बियाणे कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देणारं छोटं ऑफिस आहे. सलीमभाई सगळे प्रोग्रॅम बॅशमध्ये लिहितात, वैशाली पायथनमध्ये आणि मी जावास्क्रिप्टमध्ये. भांडणं मिटावीत म्हणून आम्ही एकच नियम केला. भाषा कोणतीही घ्या, पण प्रोग्रॅमवर स्वतःचं नाव टाका. तो बंद पडला की गिऱ्हाइकाचा फोन त्या नावाला.

*

एकदा सातशे फोटोंची नावं बदलायची होती. पायथनमध्ये व्यवस्थित करू म्हणत वैशाली वही घेऊन बसली. तिनं समास आखेपर्यंत सलीमभाईंनी एका ओळीत काम उरकलं. ही ओळ वाचायची कशी, असं तिनं विचारलं.

"वाचायची न्हाई," सलीमभाई म्हणाले, "चालवायची."

*

मग त्यांनी गावांच्या याद्यांवरही बॅशच चालवली. नावात मोकळी जागा दिसली की बॅश एकाचे दोन करते, आणि तेच झालं. पिंपळगाव रेणुकाईची दोन गावं झाली, अंतरवाली सराटीचीही. आधी तपासलं नव्हतं का, म्हणून वैशाली चिडली.

"तपासलं की. तुझ्या गावावर, आष्टीवर बराबर चाललं!"

*

मीही काही कमी नाही. रोज एक फाइल इकडून तिकडे हलवायची, एवढ्यासाठी मी जावास्क्रिप्ट आणली. तिच्याबरोबर हजारो फायली आल्या. वैशालीनं फोल्डर उघडून पाहिलं.

"नवरदेव एक अन् वऱ्हाड दोन ट्रॅव्हल्स भरून!"

*

सलीमभाईंची थोरली मुलगी निकाहानंतर निरोप घेऊन गाडीत बसली, तेव्हा ते गिऱ्हाइकाला फोनवर कमांड सांगत होते. गाडी गेलेलीही त्यांना कळली नाही. त्याचं फार वाईट वाटतं त्यांना, आम्हालाही.

धाकटीचा निकाह ठरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "या टायमाला फोन नको, बस."

पण त्यांची बॅश आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती. तुमचं सगळं पायथनमध्ये आणते, असं सांगून वैशालीनं आठ दिवस मागून घेतले.

निकाहाच्या दिवशी दोनदा फोन आला, दोन्ही वेळा वैशालीला. ताट बाजूला ठेवून ती लॅपटॉप घेऊन बाहेर गेली आणि काम करून परत आली. सलीमभाई लेकीचा हात धरून गाडीपर्यंत गेले.

कामावर परतल्यावर त्यांनी तिचा प्रोग्रॅम उघडला. वर पायथनच्या तीन ओळी होत्या. खाली त्यांचीच बॅश, जशीच्या तशी, आणि प्रत्येक ओळीपुढे वैशालीनं मराठीत लिहिलेला अर्थ.

"हे तर बिलकुल माझंच हाय," सलीमभाई म्हणाले. "तू बदललं काय?"

"वरचं नाव."