पहिली भवानी

पनवेलच्या मासळी बाजारात दमयंती कोळणीशी हुज्जत घालून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही. हरलेली मात्र रोज दिसतात, आणि हरून वर मूठभर मांदेली जास्तीची मिळाली म्हणून खूश होऊन घरी जातात. खांबाजवळचा ओटा तिचा. तिच्या आधी तो तिच्या सासूचा, सुमतीबाईंचा होता. सुमतीबाई थकल्या तेव्हा एका सकाळी त्यांनी सुनेला त्या ओट्यावर बसवलं, कोयता तिच्या हाती दिला आणि घरी जाऊन निवांत झोपल्या. ओटा असाच सासूकडून सुनेकडे चालत येतो, असं दमयंती धरून चालली होती. पुढे तिचा परेश उरणच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात नोकरीला लागला आणि त्याने करंजा गावची मोनाली बायको म्हणून आणली. कोळ्याचीच पोर, मासळीच्या वासाला नाक न मुरडणारी. दमयंतीने मनातल्या मनात तिला केव्हाच ओट्यावर बसवून टाकलं.

मोनालीने बेलापूरच्या ऑफिसातली नोकरी सोडली खरी, पण ओट्यासाठी नाही. तिने नवीन पनवेलात एक गाळा भाड्याने घेतला. त्यात काचेची पेटी, पांढरेशुभ्र दिवे, भिंतीवर भावाचा फळा, आणि मासळी कशी, तर साफ करून, तुकडे करून, डब्यात बंद केलेली.

"डोकं नाय दावलं, कल्ला नाय दावला, तं मासा ताजा हाय ह्ये कलनार कसं?" दमयंतीने विचारलं.

"आई, तिकडच्या लोकांना कल्ला बघूनसुद्धा कळत नाही," मोनाली म्हणाली. "त्यांना फक्त भरवसा हवा असतो. आणि घरी घाण नको असते."

"आनि भाव फल्याव लिवलास, तं गिऱ्हाइकाशी बोलशील काय? हवापान्याचं?"

"सगळ्यांना तुमच्यासारखं भांडता येत नाही हो, आई."

मोनाली हे कौतुकाने म्हणाली होती. दमयंतीला ते टोमण्यासारखं लागलं. "मंग ऐक," ती म्हणाली, "तुज्या त्या दुकानाची पायरी मी चढनार नाय." परेश मध्ये काही बोलायला गेला, तर तिने त्यालाही गप्प केलं. खरं दुखणं दुकानाचं नव्हतंच. आपल्यामागे सुमतीबाईंचा ओटा रिकामा पडणार, हे तिच्या जिवाला लागलं होतं. पण जिवाला लागलेलं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. ती आयुष्यभर फक्त भाव बोलून दाखवत आली होती.

अशा धुसफुशीत शिमगा झाला आणि कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बायकांची सहल ठरली. एरवी एकवीरा, जेजुरी, फार तर शिर्डी. या वेळी गटाची सेक्रेटरी चारुता हट्टाला पेटली होती, म्हणून थेट हिमाचल. दमयंती नको नको म्हणाली, पण घरातल्या अबोल्यापेक्षा हिमालय बरा, असा विचार करून निघाली. निघताना मोनालीने तिच्या पिशवीत लोकरीचे मोजे घातले आणि खाली बघत म्हणाली, "तुम्ही परत आल्यावरच दुकान उघडणार आहे. त्यानंतरच्या रविवारी."

"माज्यासाटी थांबू नको," दमयंती म्हणाली. मोजे मात्र तिने परत काढले नाहीत.

आता भवानीची गोष्ट सांगायला हवी, कारण हिमाचलात दमयंतीची फजिती झाली ती भवानीमुळे. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. कोळणीच्या ओट्यावर भवानीचे कायदे कोर्टापेक्षा कडक. पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नाही. भवानीचे पैसे आधी कपाळाला लावायचे, मग कमरेच्या बटव्यात. आपली भवानी झाल्याशिवाय बटव्यातला पैसा कुणाला सोडायचा नाही, चहावाल्यालाही नाही. आणि सकाळी सकाळी येऊन, मासळी चिवडून, भाव विचारून न घेता निघून जाणारा माणूस म्हणजे तर महापापी. अशा पाप्यांना दमयंतीने आजवर जे जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिमल्याला पहिल्याच सकाळी तिने एका टोपीवाल्याला सहज भाव विचारला. टोपी तिला नको होती. ती पाय उचलणार इतक्यात तो म्हणाला, "माताजी, बोहनी का टाइम है, ऐसे मत जाओ."

दमयंती जागच्या जागी थांबली. बोहनी म्हणजे भवानी, हे कळायला तिला हिंदीची शिकवणी लागणार नव्हती. आपण सकाळी येऊन माल चिवडणारं गिऱ्हाईक झालोय, हे लक्षात आल्यावर तिला दरदरून घाम फुटला, तोही त्या थंडीत. तिने मुकाट्याने टोपी घेतली. पुढच्या दुकानात भाव विचारायची खोड काही गेली नाही, आणि तिथेही भवानीच व्हायची होती. दोन गावं होईतो तिच्या पिशवीत टोप्या, लाकडी बासरी, डोंगर चढायची काठी आणि मण्यांची अशी एक माळ जमली, जी गळ्यात घालून कोळीवाड्यात फिरायची हिंमत तिच्यातही नव्हती.

"मावशी, तुम्ही सकाळी हॉटेलातच बसा," चारुता हसून म्हणाली. "नाहीतर परतीला तुमच्या सामानाचा वेगळा टेम्पो करावा लागेल."

मनालीच्या वर बर्फात गेल्यावर सगळ्या बायका पोरींसारख्या लोळल्या, फोटो काढून घेतले. दमयंतीने बर्फ उचलला, मुठीत दाबला, वास घेतला. "भुसभुशीत हाय," ती म्हणाली. "मासली नाय टिकायची ह्याच्यात." मग तीही हसली, पदर खोचला आणि चारुताच्या पाठीत एक गोळा बसवला. डोंगर इतके उंच असतात, हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. समुद्र बघून मोठी झालेली बाई ती. आपल्याला कशाचं अप्रूप वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. पण वाटलं, आणि छान वाटलं. आपण अजून नव्या आहोत, असं काहीसं.

दुसऱ्या सकाळी बायका आवरत होत्या, तेव्हा ती एकटीच नदीकाठच्या रस्त्याने फिरायला निघाली. भाव विचारायचाच नाही, अशी स्वतःला तंबी देऊन. एका वळणावर टपरी होती. टपरीत सिमेंटची टाकी आणि टाकीत जिवंत मासे. आता मासे बघून दमयंतीला न थांबणं कसं जमावं? ती वाकली, बोट बुडवलं, आणि तंबी विसरून म्हणाली, "कैसा दिया?"

टाकीमागे मोनालीच्याच वयाची एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात रबरी मोजे. "ट्राउट है अम्माजी. ताजा. बोहनी कर दो."

अडकली. दमयंतीने मासा दाखवला. बाईने तो जाळ्याने उचलला आणि विचारलं, "साफ कर दूँ?"

दमयंती आयुष्यात पहिल्यांदा मासळीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. खाली बसून वर बघायची सवय. इथे ती उभी राहून वाट बघत होती. हा मासा तिने कधी खाल्ला नव्हता, त्याचा काटा कुठे असतो ते तिला ठाऊक नव्हतं. नवीन पनवेलातून येणारी ती नोकरदार जोडपी ओट्यासमोर कशी उभी राहत असतील, ते तिला त्या क्षणी कळलं. त्यांना मासळीतलं कळत नाही म्हणून ती त्यांची थट्टा करायची. "कर दो," ती म्हणाली, जरा खालच्या आवाजात.

बाईने मासा चिरला, धुतला, काटा काढला, मीठ-हळद लावून तव्यावर टाकला. हात भराभर चालत होता. ना आरडाओरडा, ना शपथा. चव गोड्या पाण्याची, दमयंतीच्या जिभेला अळणीच. पण हात चांगला होता, हे तिने कबूल केलं. खाता खाता तिने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये टपरी का पहला बोहनी किसने किया? एकदम पहला?"

कोळीण हा प्रश्न कुणालाही विचारू शकते. स्वतःची पहिली भवानी कुणी केली ते तिला मरेपर्यंत आठवतं. दमयंतीची भवानी एका कासाराने केली होती. बांगड्या विकून थकलेला म्हातारा, त्याने बोंबलाचा वाटा घेतला होता आणि 'पोरी, हाताला यश येईल' असं म्हणाला होता. तो कधीचा वारला. तरी त्याचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आहे.

टपरीवाली हसली. "एक ट्रकवाला था, अम्माजी. दोपहर को आया. सुबह से बैठी थी मैं." मग तवा पुसत म्हणाली, "घर से कोई नहीं आया. सास को पसंद नहीं था ना."

ती हे रडत सांगत नव्हती. सवयीने सांगत होती, आणि तेच दमयंतीला जास्त झोंबलं. त्या कुठल्याशा सासूचा तिला असा राग आला की ती समोर असती तर तिने तिला पनवेली भाषेत सरळ केलं असतं. आणि मग, रस्त्याने परत चालताना, तो राग वळून तिच्याच दारात येऊन उभा राहिला. दमयंतीने तो टाळला नाही. बाजारात वाढलेली बाई स्वतःलाही उगाच सवलत देत नाही.

परतीच्या गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. ती खिडकीशी बसून विचार करत होती. आपण मोनालीला ओटा देऊ केला होता. तिला काय हवं होतं ते कधी विचारलंच नाही.

घरी आल्यावर तिने टोप्या वाटल्या, काठी परेशला दिली, बासरी शेजारच्या पोरांना. मोनालीसाठी पिशवीत काहीच निघालं नाही. रविवारी परेश आणि मोनाली भल्या सकाळी नारळ घेऊन निघाले. रविवारसारखा मुहूर्त मासळीला दुसरा नाही. दमयंती नेहमीसारखी बाजारात गेली.

ओट्यावर पापलेटं मांडली, सुरमई मांडली, पाणी शिंपडलं. गिऱ्हाइकं येऊ लागली होती. आणि दमयंतीने भिजलं गोणपाट उचलून सगळ्या मासळीवर पांघरलं.

"बघ गो जरा," ती शेजारच्या ओट्यावरच्या कुमुदला म्हणाली. "मी आलेच."

"अगो, रविवार हाय! आनि तुजी भवानीबी नाय झाली अजून!" कुमुद ओरडली. तोवर दमयंती रिक्षावाल्याला 'भाडं परत आल्याव' असं सांगून रिक्षात बसली होती.

दुकानात पाऊल टाकताना पायरीवर ती क्षणभर अडली, मग चढली. चप्पल मात्र तिने बाहेर काढली. आत मोनाली डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे घालून उभी होती, परेश मागे डबे लावत होता. समोर टी-शर्टातले एक गृहस्थ फळा वाचत खिशातून फोन काढत होते. सासूला बघून मोनालीचा चेहरा असा झाला की ती आता भांडण ऐकायच्या तयारीत आहे, हे कुणालाही कळावं.

"थांबा भाऊ," दमयंती त्या गृहस्थांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "भवानी माजी हाय."

गृहस्थ गोंधळून बाजूला झाले. दमयंतीने फळा बघितला. सवयीने भाव पाडायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काय देऊ, आई?" मोनालीने विचारलं.

"हलवा दे. साफ करून."

डोंगरातला तो एक मासा सोडला तर जन्माला आल्यापासून दमयंतीने खायला मासळी विकत घेतली नव्हती, आणि दुसऱ्याच्या हातून साफ करून तर कधीच नाही. हलव्याचे डबे अजून भरायचे होते, म्हणून मोनालीने अख्खा मासा काढून कापला. तुकडे जरा जाड पडले. ते दमयंतीला दिसलं, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. डबा समोर आला. तिने कमरेचा बटवा काढला.

"आई, तुमच्याकडून कसले पैसे घेऊ?"

"फुकट नेली तं भवानी कसली गो ती? घे."

मोनालीने हातातले रबरी मोजे काढले. नोटा घेतल्या आणि डोळे मिटून कपाळाला लावल्या, अगदी ओट्यावर लावतात तशा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने बघितलं असणार, कितीतरी सकाळी, मागे उभं राहून. दमयंती पटकन बाहेर आली आणि चपला घालू लागली.

मागून गृहस्थांचा आवाज आला, "मॅडम, पहिला दिवस आहे, थोडं कमी करा ना."

दमयंती वळली. "भाऊ, भिंतीव फला हाय ना? वाचा."

बाजारात पोचली तर गोणपाटाभोवती गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि कुमुद वैतागली होती. दमयंतीने डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, ऐटीत पदर खोचला आणि कोयता हातात घेतला.

"इकत घेतलीस?" कुमुदचे डोळे डब्यावर. "तू? भवानीच्या आदी पैसा सोडलास?"

"आदी कुटं? भवानी झाली माजी."

"ओट्याव तं तू नव्हतीस. कुटं झाली?"

"नवीन पनवेलात," दमयंती म्हणाली, आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळून तिने विचारलं, "बोल बाय, साफ करून देऊ?"