तळ्यावरचं मीठ

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात आम्ही लीड्सहून ग्लासगोला आलो. नव्या शाळेत लेकीशी कुणी धड बोलत नव्हतं आणि ते बघून माझा जीव तीळ तीळ तुटत होता. बॅक गार्डनमध्ये आधीच्या मालकाने बांधलेलं सिमेंटचं उथळ तळं होतं, ते पार तळापर्यंत गोठलं. लेकीने हिय्या करून वर्गातल्या तिघींना शनिवारी स्केटिंगला बोलावलं. त्या चक्क हो म्हणाल्या!

मग काय, मी कंबर कसली. पाणी नुसतं गोठून भागत नाही. वर स्नो साठला की खालचा बर्फ खडबडीत होतो, म्हणून रोज ऑफिसातून आलं की आधी झाडू हातात. मग बादलीने पाणी सोडायचं, पण सारवल्यासारखं पातळ. नवरा खिडकीतून चहा पीत सल्ले द्यायचा. "बाहेर येऊन दे सल्ले," म्हटलं की पडदा ओढून घ्यायचा!

शुक्रवारी लेकीने आजीला, म्हणजे पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना, दोन गिरक्या मारून दाखवल्या. सासूबाईंनी लगेच तिची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या विस्तवावर टाकायच्या, तर इथे स्मोक अलार्म कोकलतो. म्हणून त्यांनी त्या मागच्या दारातून भिरकावल्या. चांगल्या मुठी भरभरून!

सकाळी बघते तर तळ्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

"अहो आई, मीठ कुठे टाकलंत? मिठाने बर्फ वितळतो!" मी ओरडलेच.

"अगं, पोरीला कुणाची नजर लागू नये म्हणून..." त्यांचा चेहरा एवढासा झाला. लेक स्केट्स मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. तेवढ्यात बेल वाजली.

तिघी दारात! आता यांना काय सांगायचं, डोंबल? मी त्यांना आत घेतेय तोवर सासूबाई उलथनी, डाव, चमचे घेऊन आल्या आणि नुसत्या खुणांनी त्यांनी चारही पोरींना कामाला जुंपलं. खड्डे खरवडायचे, त्यात स्नो ठासायचा, वर गार पाणी. बर्फ धरेपर्यंत दुपार उलटली. तोवर चौघींची तोंडं अखंड चालू होती. अंधार लवकर पडला, त्यामुळे स्केटिंग जेमतेम झालं. मला फार वाईट वाटलं.

मैत्रिणी गेल्या तरी लेक दारातच उभी होती.

"थोडंच खेळायला मिळालं ना गं?" मी विचारलं.

"आई, शाळेत सगळे मला 'न्यू गर्ल' म्हणतात," ती म्हणाली. "आज त्यांनी मला नावाने हाक मारली."