वाचनालयाचा चढ

मी सरपंच झाले तेव्हा मला सगळंच कळत होतं. पुढं ते हळूहळू कमी होत गेलं, आणि आता तर नातीला विचारल्याशिवाय टीव्हीसुद्धा लावता येत नाही. पण नव्वदीच्या त्या वर्षांत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, टेंभुर्णीच्या अलीकडच्या आमच्या गावाची मी सरपंच झाले, आणि पंधरा दिवसांत माझी मान अशी ताठ झाली की डोक्यावरचा पदर ठरेना. सासूबाई मागून येऊन तो गुपचूप सारखा करायच्या.

गावात तेव्हा वाचनालय बांधणं चाललं होतं. दोन खोल्या आणि पुढं तीन विती उंच ओटा. पुस्तकं सांभाळायला माणूस लागणार होता, आणि ते काम माझ्या नणंदेला हवं होतं. वन्संना लहानपणी पोलिओ झालेला, त्या चाकाच्या खुर्चीवर असायच्या. दहावी पास. गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं त्या लिहून द्यायच्या, उरलेल्या निम्म्यांची वाचून दाखवायच्या. पण पस्तिशी आली तरी कुठं पायऱ्या आल्या की कुणीतरी उचलायचं, हे काही सुटलं नव्हतं.

वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "पोरगी हुशार हाय, बिलकुल. पण रोज हिला उचलून आत कोण ठेवणार? सोता आत जाऊन कुलूप काढलं, तर काम तिचं. न्हाई तर दुसरं कुणी बघू." उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांदेखत बघायचं ठरलं.

"त्यात काय," मी म्हटलं, "पायऱ्यांच्या बाजूला चढ बांधू."

आता त्याला रॅम्प म्हणतात. मी गवंड्याला विचारलं, ग्रामसेवकाला विचारलं, मुहूर्तासाठी गुरुजींना विचारलं. ज्यांना त्यावरून जायचं होतं त्या वन्संना तेवढं विचारलं नाही. माझ्या हुशारीला काही तोड नव्हती.

गवंडी जुना माणूस. "काळजी नका करू बाई, विहिरींच्या कितीक धावा बांधल्या मी." धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती वाट. बैलांचं वजन कामी यावं म्हणून ती मुद्दाम तीव्र ठेवतात. विहिरींवर मोटा जाऊन मोटारी बसल्या होत्या, पण गवंड्याच्या हातातून धाव गेली नव्हती. तीन विती ओट्याला त्यानं जेमतेम दहा विती लांबीचा चढ लावला. वरून मी तो लाल रंग टाकून आरशासारखा घोटून घेतला.

"बाई, पाय घसरंल," गवंडी म्हणाला.

"वन्संना कुठं पाय टेकायचेत?" मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दाराला चार बोटं उंच सागवानी उंबराही बसवला. उंबऱ्यावाचून दार कसलं, हळद-कुंकू कुठं वाहायचं? साग्रसंगीत पूजा करून मी घरी आले आणि वन्संना बघायला घेऊन गेले. त्यांनी चढाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैनी, आधी तुम्ही."

"म्हंजे?"

"सरपंच तुम्ही. पहिला मान तुमचा."

मान म्हटलं की मला सोडवत नसे. वन्संना पायरीवर बसवून मी खुर्चीत बसले आणि जोर लावला. दोन विती वर गेले. तिथं चाकांनी क्षणभर विचार केला आणि निर्णय बदलला. मी मागच्या मागं सुसाट खाली, ती थेट रेतीच्या ढिगात, पाय आभाळाकडे.

शेजारच्या पारावर पत्ते खेळणारे बसले होते. त्यातला एक पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाला, "सरपंचबाईची मोट रिकामीच आली की."

वन्सं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "हसून राह्यले खरी, पण धाच दिवस राह्यलेत, वैनी. मला हे काम पायजे."

तेव्हा कुठं मी त्यांना विचारलं, चढ कसा हवा.

अंगणात वीतभर उंचीवर फळी टेकवून त्यांनी स्वतः चढून पाहिलं. फळी सहा विती लांब होती तेव्हा हात थरथरले. आठ विती केली तेव्हा दम लागला. फळीला फळी जोडून बारा केली, तेव्हा वर जाता जाता त्यांनी मला विचारलं, "आज भाजी काय?"

मी म्हटलं, "वांग्याची."

"मंग बाराच. बोलत बोलत जमलं म्हंजे बराबर."

तीन विती ओट्याला छत्तीस विती चढ. सरळ नेला तर पारावरच्या पत्त्यांत घुसणार. म्हणून मध्ये वळण घेतलं आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवली. घोटलेलं सगळं फोडलं, नव्या ओल्या सिमेंटवर खराटा ओढून ते खरबरीत केलं. गवंडी कुरकुरला, "येवढ्या चढावर मुंगी बी दमत न्हाई." वन्सं म्हणाल्या, "तेच पायजे."

उंबरा काढायचं नाव निघताच सासूबाई आडव्या आल्या. वन्संनी तो काढायचा नाही, फरशीच्या बरोबरीनं जमिनीत बसवायचा, असं सुचवलं. "हळद-कुंकू वाहा की त्याला. लक्ष्मीनं तरी आत येताना ठेच का खावी?" सासूबाईंनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याच्या डोक्यावर स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या. मला एकच काम मिळालं, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून चढावर पसरलेल्या पोत्यांवर पाणी मारायचं.

उद्घाटनाला सगळं गाव. वन्सं निघाल्या. वळणावर थांबल्या. त्यांनी पाराकडे बघून विचारलं, "कोण जिंकून राह्यलंय?" आणि पुढं निघाल्या. तेवढ्यात मला आठवलं, दाराची कडी वर चौकटीला आहे. बसल्या माणसाचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं. मी पुन्हा माती खाल्ली होती.

पण कडी तिथं नव्हतीच. तिच्या जागी लुकणानं बुजवलेली दोन भोकं होती. दोन दिवस आधी मला न सांगता वन्संनी सुताराला गाठून ती खाली कमरेशी घेतली होती. त्यांनी कुलूप काढलं, न अडखळता उंबरा ओलांडला आणि टेबलामागं जाऊन बसल्या.

मागोमाग अध्यक्ष आत शिरले. "आजचा पेपर द्या बरं."

"चपला भायेर काढा, काका. आन इथं सही करा."

अध्यक्षांनी चपला काढल्या, वाकून सही केली. काम कुणाचं हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मीही घाईनं पुढं होऊन पेनाकडे हात केला. वन्संनी पेन मागं घेतलं.

"सरपंचबाई, रांगेत या."